ओझं उतरवायला अनोळखी कान

कल्याण सुटलं तेव्हा शेजारच्या बाई मांडीवर रुमाल पसरून भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या. कसारा घाट चढेपर्यंत त्यांनी मला सांगूनही टाकलं की, सख्ख्या बहिणीशी त्यांचं नऊ वर्षं बोलणं नाही आणि चूक त्यांची स्वतःचीच होती. "घरात कुणाला ठाऊक नाही हो हे." मग मला का सांगितलं? मी मनमाडनंतर त्यांना कधीच दिसणार नव्हते, म्हणून. जॉर्ज सिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञानं १९०८ मध्येच लिहून ठेवलंय की, जवळच्यांपासून जपलेल्या गोष्टी माणसं परक्यापाशी उघड करतात. घरच्याला सांगितलेलं गुपित उद्या ताटासमोर येऊन बसतं.

२००४ मध्ये अमेरिकेत फ्रँक वॉरन यांनी वॉशिंग्टन परिसरात ३००० कोरी पोस्टकार्डं वाटली. पाठीमागे त्यांचाच पत्ता, म्हणजे आपलं गुपित लिहून त्यांना पाठवायचं. अट एवढीच की, गुपित खरं हवं आणि आधी कुणालाही सांगितलेलं नको. नाव नाही. वाटलेली कार्डं संपली, तरी लोक स्वतः कार्डं बनवून पाठवत राहिले, परदेशातूनसुद्धा. पुढे ही संख्या लाखोंवर गेली.

गुपित जड का होतं, याचं उत्तर कोलंबिया विद्यापीठाच्या मायकेल स्लेपियन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये शोधलं. त्यांनी गुपितांचे ३८ प्रकार लोकांपुढे ठेवले. सरासरी प्रत्येकाकडे १३ गुपितं निघाली आणि त्यांतली ५ कुणाच्याच कानावर गेलेली नव्हती. मला महत्त्वाचं वाटतं ते याच्या पुढचं. समोरच्यापासून लपवायची वेळ तशी कमी येते. भांडी घासताना, बसची वाट बघताना, रात्री कूस बदलताना मन एकटंच त्या गोष्टीकडे जातं, ते कितीतरी जास्त वेळा. आणि माणूस खचतो तो या फेऱ्यांनी.

फेऱ्या थांबवायचा एक मार्ग म्हणजे लिहिणं. १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनावरचा घाव लिहायला सांगितला. लिहून उठल्यावर त्यांना उलट जास्तच वाईट वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत, घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या चकरा इतरांपेक्षा कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत हा फायदा माफकच दिसला, तरी तो आहे. मनात नुसतं घोळत राहिलेलं कागदावर आलं की त्याला सुरुवात आणि शेवट मिळतो.

आपल्याकडे हे काम जात्यानं केलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांच्या पुढाकारानं दळताना बायकांनी म्हटलेल्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. सासरचा जाच, माहेरची ओढ, सगळं त्यांत आहे. पहिल्यांदा ती ओवी कुणी म्हटली, हे कुणालाच माहीत नाही. पण ऐकणारीला आपलंच कुणीतरी बोललं असं वाटतं. निनावी गुपितं वाचणाऱ्याचंही तेच होतं. आपल्या एकट्याच्याच डोक्यात असलं काही आहे ही समजूत गळून पडते, आणि तो हलका होतो.

कार्ड मात्र उत्तर देत नाही. कुणाला विश्वासात घेऊन सांगितल्यावर जी मदत होते, तिच्यात समोरच्याच्या धीराचा आणि सल्ल्याचा वाटा मोठा, असं स्लेपियन यांच्याच कामात दिसतं. गाडी मनमाडला शिरत होती. बाई रुमालातली टरफलं गोळा करत होत्या. मी विचारलं, "बहिणीचा नंबर आहे का हो अजून?"

"पाठ आहे," त्या म्हणाल्या.