टेकाडाखालचं घर

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, चिलिकोथी गावाजवळ सायोटो नदीच्या काठी, गवताने झाकलेली वीस-पंचवीस टेकाडं आहेत. भोवती मातीचा बुटका बांध, आत साधारण 13 एकर जागा. नाव ‘माउंड सिटी’ असलं तरी इथे शहर कधीच नव्हतं. सुमारे 1,600 ते 2,000 वर्षांपूर्वीच्या मूळनिवासींचं हे दफनस्थान. त्यांच्या संस्कृतीला अभ्यासक ‘होपवेल’ म्हणतात. ते स्वतःला काय म्हणवत, कुणास ठाऊक.

टेकाड हा शेवटचा टप्पा. आधी तिथे लाकडी घर असे. मृताचं दहन करून राख आणि अस्थी घराच्या जमिनीवर ठेवत, सोबत मौल्यवान वस्तू. पुढे घर उतरवत आणि त्या जागी माती, वाळू, गोटे यांचे थर चढवत. लाकूड कधीच कुजलं, पण खांब होता तिथे मातीत गडद गोल डाग उरतो. जमीन हलक्या हाताने तासत गेलं की असे डाग ओळीने दिसू लागतात आणि घराचा आराखडा उमटतो.

वस्तू तर थक्क करतात. अभ्रकाचे मोठे पत्रे दक्षिण ॲपलेशियन डोंगरांतले, तांबं सुपिरियर सरोवराकडचं. ऑब्सिडियन ही काळी ज्वालामुखी काच थेट यलोस्टोनची, म्हणजे 2,000 किलोमीटरहून दूरची! प्रत्येक ज्वालामुखीच्या काचेत काही मूलद्रव्यांचं सूक्ष्म प्रमाण वेगळं असतं. त्यावरून खाण ओळखता येते.

एवढं असूनही 19व्या शतकात अनेक गोऱ्या लेखकांना हे ‘इंडियनां’चं, म्हणजे अमेरिकेतल्या मूळनिवासींचं, काम वाटेना. कुठली तरी लुप्त जमात त्यांनी कल्पली. जमिनी बळकावणाऱ्यांना ती कल्पना सोयीचीच होती. 1894 साली पुरातत्त्व अभ्यासक सायरस थॉमस यांच्या अहवालाने तिचा निकाल लावला.

टेकाडांचे हाल मात्र थांबले नाहीत. पहिल्या महायुद्धात इथे सैनिकी तळ उभा राहिला आणि बराकींसाठी बहुतेक टेकाडं सपाट झाली. 1923 मध्ये जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. आज दिसतात ती बरीचशी टेकाडं पुन्हा रचलेली आहेत, 1848 साली छापलेल्या नकाशाच्या आधाराने. तो नकाशा स्क्वायर आणि डेव्हिस या अभ्यासकांचा. टेकाडं फोडून पाहणारेही तेच! 2023 मध्ये युनेस्कोने या परिसरातल्या अशा आठ स्थळांना मिळून जागतिक वारसा जाहीर केलं.

स्क्वायर आणि डेव्हिस यांना माउंड सिटीच्या आठव्या क्रमांकाच्या टेकाडात सुमारे 200 दगडी चिलमी सापडल्या होत्या, बऱ्याचशा फुटलेल्या. त्यांवर पाणमांजर, बेडूक, पक्षी कोरलेले, आणि बहुतेकांचं तोंड झुरका घेणाऱ्याकडे. 1864 मध्ये त्या इंग्लंडला विकल्या गेल्या. आता त्यातल्या बऱ्याच लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.