जिग म्हणजे दादरा नव्हे

सहा मात्रा, तीन-तीनचे दोन भाग, म्हणजे आपला दादरा तालच की! आयरिश जिग, म्हणजे नाचाची धून, शिकायला घेतलेला आपल्याकडचा वादक हे हमखास म्हणतो. हिशेब बरोबर आहे आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. सहा मोजून दादऱ्याच्या वजनात जिग वाजवली, तर एकही स्वर न चुकता सगळी धून चुकते.

दादऱ्याबद्दल फार सांगायला नको. धा धी ना, धा ती ना. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, टाळी, चौथ्या मात्रेवर खाली (बिनटाळीची, हलकी जागा), आणि मात्रामात्रांतलं अंतर सारखं, निदान शिकताना तरी.

जिग म्हणजे इथे डबल जिग, पाश्चात्त्य लिपीत ६/८. बहुतेक जिगचे दोन भाग असतात. प्रत्येक भाग ८ बारचा (एक बार म्हणजे अशा सहा मात्रा) आणि तो दोनदा वाजतो, म्हणजे एका फेरीचे ३२ बार. सेशनमध्ये, म्हणजे वादकांच्या अनौपचारिक बैठकीत, अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की न थांबता पुढची धून लागते. समेवर येऊन मुखडा पकडणं, तिहाई घेणं, असलं काही नाही. हे फरक आठवडाभरात अंगवळणी पडतात.

वर्षं खातो तो फरक तीन स्वरांच्या गटाच्या पोटात असतो. गटाचे १२ बारीक भाग कल्पा. दादऱ्यात ४-४-४. जिगमध्ये साधारण ५-३-४: पहिला स्वर किंचित लांबतो, ती लांबी दुसऱ्याकडून उसनी घेतो, तिसरा आपल्या जागेवरच राहून पुढच्या गटाला ढकलतो. याला लिल्ट म्हणतात. आकडे अंदाजाचेच, वादकागणिक आणि प्रांतागणिक ते हलतात, आणि लय वाढली की फरक पुसट होत जातो. हे कळल्यावर लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि ६-२-४ वाजवतात. मग धून घोड्यासारखी उड्या मारते. माझ्या मते सपाट ४-४-४ एक वेळ परवडलं, हे नको.

दुसरी खोड खालीची. दादऱ्यात मुरलेला हात चौथ्या मात्रेवर आपोआप हलका पडतो. जिगला खाली नाही. पहिल्या आणि चौथ्या, दोन्ही ठिकाणी पाय जमिनीवर पडतो. चौथी सोडली की बार अर्ध्यात लंगडतो आणि शेजारचा फिडलवाला तुमच्याकडे बघायला लागतो.

‘द केश’ ही सेशनमधली नेहमीची जिग घ्या. पाश्चात्त्य ‘जी’ (G) हा स्वर षड्ज धरला तर एका प्रचलित रूपात सुरुवात अशी: सा नी सा, सा रे ग | रे ग रे, रे ग प (नी मंद्र). पहिल्या बारमधला चौथा स्वर पुन्हा सा आहे. दादऱ्याच्या सवयीने तो विरतो. इथे त्याला पहिल्याइतकंच वजन द्यायचं. आधी तोंडाने म्हणा: ‘डा-ड्ल-डी, डा-ड्ल-डी’. आयरिश लोकही धुना अशाच तोंडाने गातात. मग मेट्रोनोम ७० वर ठेवा, पण टिक एकेका मात्रेला नाही, तीन स्वरांना एक. प्रत्येक मात्रेला टिक लावलात की लिल्ट मेलीच. दर दोन-तीन दिवसांनी ४-५ ने वाढवत ११०-११५ पर्यंत न्या. सेशनमध्ये जिग साधारण तिथेच, कधी थोडी पुढे चालते.

मँडोलिन किंवा बँजो असेल तर मिजराबीचा उलटसुलट ‘खाली-वर-खाली-वर-खाली-वर’ हा क्रम विसरा. त्यात चौथा स्वर वरच्या फटक्यावर येतो आणि नकळत तालातली ‘खाली’च वाजते. ‘खाली-वर-खाली, खाली-वर-खाली’ ठेवा. लागोपाठचे दोन खालचे फटके पहिल्यांदा हाताला बोचतात. बोचू द्या.

रोल ही आयरिश सजावट म्हणजे आपला खटका नव्हे. तीन मात्रांच्या एका लांब स्वरात दोन निसटते स्पर्श बसतात, एक वरच्या स्वराचा (कट), एक खालच्या स्वराचा (टॅप). ते स्वर म्हणून ऐकू येता कामा नयेत. सुरुवातीला रोल न घेतलेलाच बरा.

आणि तबला घेऊन सेशनला जाणाऱ्यांना हात जोडून सांगणं: दादऱ्याचा ठेका जिगखाली लावू नका. बोधरान नावाची डफासारखी चर्मवाद्यं वाजवणारे तिथे आधीच असतात आणि एका वेळी एकच वाजावं अशी शिष्टाचाराची अपेक्षा असते. तबल्याची खाली आणि धुनेचा पाय एकमेकांवर आदळतात. दोष तबल्याचा नाही, ठेक्याचा आहे.

स्लिप जिग आली तर मात्र गोंधळ होत नाही. तिच्यात ९/८, तीनाचे तीन गट, आणि दादरा आठवायला जागाच उरत नाही.