आईच्या रक्तातले वारेचे तुकडे

गर्भातल्या बाळाची गुणसूत्रे तपासायची तर पूर्वी गर्भाशयापर्यंत सुई नेण्याला पर्याय नव्हता. अकराव्या आठवड्यापासून वारेचा (प्लॅसेंटाचा) कण काढता येतो आणि पंधराव्यानंतर गर्भजल. पण दोन्हींत गर्भपाताचा, थोडा का होईना, धोका असतो. बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात हे माहीत असल्याने संशोधकांनी आधी त्यांचाच माग काढला. मात्र त्या फारच विरळ असतात, शिवाय आधीच्या गरोदरपणातल्या पेशी आईच्या शरीरात कित्येक वर्षे टिकून राहतात, त्यामुळे सापडलेली पेशी नेमक्या कोणत्या बाळाची, हा पेच उरतोच.

तेव्हा ऑक्सफर्डमध्ये काम करणारे संशोधक डेनिस लो यांनी पेशी सोडून रक्तद्रवाकडे, म्हणजे पेशी काढल्यावर उरणाऱ्या आणि एरवी फेकून दिल्या जाणाऱ्या द्रवाकडे पाहिले. कर्करोगाच्या गाठीचा डीएनए रुग्णाच्या रक्तद्रवात सापडतो, हे तेव्हा नुकतेच प्रसिद्ध झाले होते; गाठीचा डीएनए तिथे उतरत असेल तर गर्भाचा का उतरू नये? १९९७ साली त्यांच्या गटाने मुलगा पोटात असलेल्या ३० स्त्रियांपैकी २४ जणींच्या रक्तद्रवात वाय गुणसूत्राचे अंश दाखवले. वाय गुणसूत्र आईचे असूच शकत नाही, म्हणून पुरावा निर्विवाद ठरला.

‘गर्भाचा डीएनए’ हा शब्दप्रयोग मात्र थोडा फसवा आहे. हे तुकडे मुख्यतः वारेच्या मरणाऱ्या पेशींतून येतात. बाळ आणि वार एकाच फलित अंड्यातून वाढत असल्याने दोघांची गुणसूत्रे बहुधा सारखी असतात, पण ती नेहमीच तशी असतील असे नाही. प्रसूतीनंतर हे तुकडे काही तासांतच रक्तातून नाहीसे होतात, त्यामुळे आधीच्या बाळाचा गोंधळ इथे राहत नाही.

दहाव्या आठवड्याच्या सुमारास रक्तद्रवातल्या मुक्त डीएनएपैकी साधारण १० टक्के वारेचा असतो आणि बाकीचा आईचा. दोन्ही वेगळे करण्याऐवजी २००८ मध्ये लो यांच्या आणि स्टॅनफर्डमधील स्टीफन क्वेक यांच्या गटांनी सगळेच तुकडे वाचून मोजण्याची वाट धरली. समजा एक कोटी तुकडे वाचले आणि त्यांतले १.३ टक्के, म्हणजे १,३०,०००, एकविसाव्या गुणसूत्राचे निघाले. डाउन सिंड्रोममध्ये हे गुणसूत्र दोनऐवजी तीनदा असते. वारेचा वाटा १० टक्के असेल तर तेवढ्याच वाट्यातले तुकडे दीडपट होतात, म्हणून ही संख्या पाच टक्क्यांनी वाढून सुमारे १,३६,५०० होईल. तुकडे थोडेच वाचले असते तर एवढी वाढ योगायोगात हरवून गेली असती. कोटीच्या हिशेबात ती स्पष्ट उठून दिसते. वारेचा वाटा फार कमी असेल, जसे आईचे वजन जास्त असताना अनेकदा होते, तर मात्र प्रयोगशाळा निकाल देऊ शकत नाही.

ही मोजणी कितीही काटेकोर असली तरी ती चाळणी आहे, निदान नव्हे, आणि हा फरक अहवाल हाती देतानाच समजावून सांगायला हवा असे मला वाटते. कधी दोष फक्त वारेत असतो आणि बाळ निर्दोष असते. कधी जुळ्यांपैकी लवकर विरून गेलेल्या गर्भाचे तुकडे रक्तात मिसळलेले असतात. क्वचित आईच्याच शरीरातल्या, अजून लक्षात न आलेल्या गाठीमुळे आकडे बिघडतात. त्यात साधे गणितही आहे: हजार निर्दोष गर्भांमागे एकालाच चुकून सदोष ठरवणारी चाचणी, जिथे दोष हजारात एकाला असतो अशा गटात वापरली, तर ‘धोका जास्त’ असे सांगणाऱ्या दर दोन अहवालांतला जवळपास एक खोटा निघतो. जिथे दोष अधिक आढळतो, उदाहरणार्थ आईचे वय जास्त असताना, तिथे तोच अहवाल कितीतरी भरवशाचा ठरतो.

म्हणूनच अशा अहवालानंतर, विशेषतः गरोदरपण पुढे चालू ठेवायचे की नाही हे ठरवण्याआधी, सुईच्या तपासणीने खातरजमा करावी लागते. त्यात वारेचा कण घेतला तर दोष वारेपुरताच असण्याची शंका पुरती फिटत नाही. गर्भजलात मात्र खुद्द बाळाच्या त्वचेतून आणि मूत्रमार्गातून गळलेल्या पेशी असतात.