कालनियोजन, लहान ग्रंथालयांतील

एक किंवा फार तर दोन माणसांच्या बळावर चालणाऱ्या ग्रंथालयात वाचकसेवा, नोंदी, ग्रंथांवरील तांत्रिक संस्कार आणि संस्थेचा कारभार ही सर्व कामे उपलब्ध तासांत बसवण्याच्या पद्धतीला लहान ग्रंथालयातील कालनियोजन म्हणतात. मोठ्या ग्रंथालयात दाखल (नव्या ग्रंथांची नोंद), देवघेव (वाचकांना ग्रंथ देणे व परत घेणे), नियतकालिके असे विभाग असतात आणि प्रत्येक विभाग आपल्या गतीने चालतो. तालुक्याच्या किंवा गावाच्या वाचनालयात हे सारे विभाग एकाच टेबलाशी एकवटलेले असतात आणि त्या टेबलासमोर कोणी ना कोणी उभे असते. त्यामुळे हाती घेतलेले काम केव्हाही मध्येच सोडावे लागेल, हे गृहीत धरूनच येथे दिवस आखावा लागतो. प्रस्तुत नोंदीत मराठवाड्यातील अनुदानित सार्वजनिक वाचनालये प्रामुख्याने विचारात घेतली आहेत.

पार्श्वभूमी : मराठवाड्यातील वाचनालयांची परंपरा निजामी राजवटीपर्यंत मागे जाते. परभणीचे गणेश वाचनालय, औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) बलवंत वाचनालय यांसारख्या संस्था त्या काळात मराठी वर्तमानपत्रे आणि विचार यांचा आधार होत्या. हैदराबाद राज्याने १९५५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, तेव्हा मराठवाडा त्या राज्याचा भाग होता. म्हणजे उर्वरित महाराष्ट्राच्या बहुतांश भागाच्या आधी हा प्रदेश ग्रंथालय कायद्याखाली आला, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. पुढे १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम लागू झाला आणि नोंदणीकृत संस्थांनी चालवलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार सहायक अनुदान देण्याची पद्धत रूढ झाली. ग्रंथसंख्या, सभासद, वर्तमानपत्रे व नियतकालिके, वाचनालय उघडे राहण्याची वेळ यांवर वर्ग ठरतो आणि हे सर्व नोंदवह्यांवरून तपासले जाते. साहजिकच ग्रंथपालाच्या वेळेचा मोठा वाटा वाचकाआधी नोंदवहीकडे जातो. कालनियोजनाचा विचार करताना हे वास्तव टाळून चालत नाही.

दिवस आणि वर्ष यांचा ओघ : गावच्या वाचनालयात सकाळी वर्तमानपत्र वाचणाऱ्यांची आणि सायंकाळी पुस्तक बदलणाऱ्यांची अशा दोन वर्दळी असतात. पहिल्या वर्दळीत ग्रंथपालाला फारसे करावे लागत नाही. अंक टेबलावर मांडले, कालचे काढून गठ्ठ्यात लावले की लेखनाची कामे सुरू करता येतात. दुसऱ्या वर्दळीत लेखनाचे काम काढूच नये, कारण अर्धवट राहिलेली नोंद दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून तपासावी लागते. वर्षाचा ओघ शेतीवर आणि भरतीच्या जाहिरातींवर ठरतो. सोयाबीन काढणीच्या दिवसांत सायंकाळ ओस पडते; पोलीस किंवा तलाठी भरती निघाली की अभ्यासिकेत बसायला जागा उरत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणारी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. अशा गावांत थकीत पुस्तकांची मागणी भाद्रपदातच करावी लागते, नाही तर ती थेट गळीत हंगाम संपल्यावर हाती येतात. दिवाळी अंकांचे काम वेगळेच असते. त्यांना मागणी मोठी आणि आयुष्य थोडे असल्याने नोंद, शिक्का आणि कव्हर या तिन्ही गोष्टी अंक आल्याच्या दिवशीच उरकल्या तर त्यांचा उपयोग होतो.

सर्वांत अवघड महिना मार्च होय. अनुदानाचा खर्च ३१ मार्चपूर्वी दाखवायचा असल्याने ग्रंथखरेदी बहुधा वर्षाच्या शेवटी एकवटते, त्याच वेळी हिशेब मिटवायचे असतात आणि दहावी-बारावीचे विद्यार्थीही अभ्यासिकेत असतात. ग्रंथनिवडीची यादी पावसाळ्यातच तयार ठेवली आणि खरेदीचा निदान काही भाग दिवाळीपूर्वी केला तर हा ताण उतरतो. पण निधी कधी हाती पडेल ते ग्रंथपालाच्या हातात नसते, त्यामुळे हा उपाय दरवर्षी साधतोच असे नाही.

वाचकाचा वेळ : भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पंचसूत्रांतील चौथे सूत्र 'वाचकाचा वेळ वाचवा' असे आहे. मुक्तद्वार पद्धत (वाचकाला कपाटांपर्यंत थेट जाऊ देणे), कपाटांवरील मार्गदर्शक पाट्या आणि सुटसुटीत देवघेव यांचे समर्थन या सूत्रातून होते. कुलूपबंद कपाटांच्या वाचनालयात प्रत्येक पुस्तकासाठी ग्रंथपालाला उठावे लागते. कपाटे उघडी ठेवली की वाचक आपले पुस्तक आपण शोधतो आणि दोघांचाही वेळ वाचतो. पुस्तके हरवतील ही वाचनालय चालवणाऱ्या संस्थेच्या समितीची भीती खरी असली तरी ती फुगवलेली असते. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत वर्षभरात दिलेल्या वा हाताळल्या गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे ५ ग्रंथांची घट वाजवी मानली आहे. हे नियम गावच्या वाचनालयाला बंधनकारक नाहीत. तरी समितीपुढे ठेवण्यासाठी हा आकडा उपयोगी आहे. दुसऱ्या बाजूला, वाचकाला दिलेला सगळाच वेळ वाचवण्याजोगा नसतो. "मागच्या खेपेला नेलेली ती निळ्या पुठ्ठ्याची कादंबरी, तिचा पुढचा भाग द्या," असे एखाद्या आजीने म्हटल्यावर लेखक, शीर्षक, वर्ष यांपैकी काहीच हाती नसताना त्या पुस्तकाचा माग काढणे हे ग्रंथपालाचे खरे काम आहे आणि त्याला घड्याळ लावणे योग्य नव्हे.

देवघेव : लहान वाचनालयांत खतावणी पद्धत अजून टिकून आहे. तीत प्रत्येक सभासदाचे स्वतंत्र पान असते. सभासदाकडे कोणते पुस्तक आहे हे तीत क्षणात कळते, पण एखादे पुस्तक कोणाकडे आहे हे पाहायला सगळी पाने चाळावी लागतात आणि थकीत पुस्तकांची यादी करायला तर एक अख्खी सकाळ जाते. तिच्याऐवजी पुस्तककार्डाची पद्धत वापरल्यास वेळेत मोठी बचत होते. ती १९०० च्या सुमारास अमेरिकेतील नेवार्क येथील सार्वजनिक ग्रंथालयात रुळली आणि त्याच नावाने ओळखली जाते. पुस्तकाच्या शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत कागदी खिसा चिकटवून त्यात दाखल क्रमांक, लेखक व शीर्षक लिहिलेले कार्ड ठेवतात. पुस्तक देताना कार्डावर सभासद क्रमांक व परतीची तारीख लिहून ते कार्ड काढून घेतात, तीच तारीख पुस्तकातील तारीखपट्टीवर टाकतात आणि कार्डे तारखेनुसार खोक्यात लावतात. पुस्तक परत आले की तारीखपट्टी पाहून कार्ड काढायचे आणि खिशात घालायचे. मुदत उलटलेली कार्डे खोक्यात आपोआप पुढे राहतात, त्यामुळे थकीत यादी वेगळी करावी लागत नाही. यासाठी लाकडी ट्रे विकत घ्यायलाच हवा असे नाही. चपलांच्या रिकाम्या खोक्यावर ही पद्धत वर्षानुवर्षे चालू शकते.

दाखल आणि मांडणी : दाखल नोंदवहीत तारीख, क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे, किंमत, पुरवठादार आणि बिल क्रमांक इतके रकाने असतात. एकेका पुस्तकाचे सगळे सोपस्कार पूर्ण करत बसण्यापेक्षा एका बिलावरील सर्व पुस्तकांना आधी शिक्के, मग दाखल क्रमांक, मग नोंदी, मग खिसे व लेबले असे टप्प्याटप्प्याने काम केल्यास ते कोठेही थांबवता येते आणि पुन्हा धरता येते. वर्गीकरणात लहान वाचनालयाने फार खोल जाऊ नये. ग्रंथांना विषयवार अंक देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ आणि त्यातील कथा-कादंबरीला ८९१.४६३ हा अंक आहे. ज्या वाचनालयात निम्म्याहून अधिक संग्रह कादंबऱ्यांचा आहे तेथे प्रत्येक पुस्तकावर हा अंक लिहिण्यात काही हशील नाही. कादंबऱ्या लेखकाच्या आडनावानुसार अकारविल्हे लावाव्यात, कारण वाचक त्या तशाच मागतात.

अमेरिकन संशोधक रिचर्ड ट्रूझवेल यांनी १९६९ मध्ये असे दाखवले की, ग्रंथालयातील सुमारे ८० टक्के देवघेव संग्रहाच्या सुमारे २० टक्के ग्रंथांतून होते. ही सतत फिरणारी पुस्तके टेबलाजवळच्या कपाटात ठेवली तर ग्रंथपालाची ये-जा कमी होते. वार्षिक ग्रंथपडताळणीसाठी वाचनालय आठवडाभर बंद ठेवण्याची प्रथा आहे. तिच्याऐवजी दर आठवड्याला एक कपाट तपासावे. त्याच वेळी वाळवी, उखडलेली बांधणी आणि बाद करण्याजोगी पुस्तकेही नजरेखालून जातात.

नोंदी आणि माहितीपत्रके : वाचक उपस्थिती आणि देवघेव यांची बेरीज रोज कुलूप लावण्यापूर्वी करावी, हा नियम साधा असूनही सर्वाधिक मोडला जातो. महिनाअखेरीस आठवून भरलेली उपस्थिती तपासणी करणाऱ्याला लगेच ओळखू येते, कारण तिच्यात पावसाचा दिवस आणि बाजाराचा दिवस सारखेच दिसतात. वरिष्ठ कार्यालयांकडून येणारी 'आज सायंकाळपर्यंत माहिती पाठवावी' अशी पत्रे आता व्हॉट्सॲपवर येतात आणि दिवसाची आखणी मोडतात. संस्थेचा नोंदणी क्रमांक, वर्ग, मान्यतेचे वर्ष, ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, बँक खाते असा सर्व तपशील एका कागदावर लिहून तो दर तिमाहीस अद्ययावत ठेवला, तर अशी बहुतेक पत्रे त्या एका कागदावरून निकाली निघतात. ग्रंथपाल दिन (१२ ऑगस्ट), मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन (१७ सप्टेंबर), वाचन प्रेरणा दिन (१५ ऑक्टोबर), ग्रंथालय सप्ताह (१४ ते २० नोव्हेंबर) आणि मराठी भाषा गौरव दिन (२७ फेब्रुवारी) यांच्या तारखा ठरलेल्याच असल्याने त्यांच्या कार्यक्रमांची आखणी वर्षाच्या आरंभीच करता येते. छायाचित्रे व अहवाल त्याच रात्री वेगळ्या पाकिटात ठेवल्यास वार्षिक अहवाल जवळजवळ आपोआप तयार होतो.

संगणक : राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेली 'ई-ग्रंथालय' आणि मुक्तस्रोत 'कोहा' या प्रणाली विनामूल्य मिळतात, तरी लहान वाचनालयात त्यांनी वेळ वाचतोच असे म्हणता येत नाही. संगणकही आणि वहीही अशी दुहेरी नोंद चालू राहिली तर काम वाढते. त्यात भारनियमनाची भर पडते. जुन्या संग्रहाच्या नोंदी भरताना पहिल्या दाखल क्रमांकापासून सुरुवात करण्याची हौस टाळावी आणि परत येणारे पुस्तक त्याच दिवशी संगणकात घ्यावे. सहा महिन्यांत वाचली जाणारी बहुतेक पुस्तके यादीत येतात. युनिकोड ही सर्व संगणकांवर चालणारी अक्षरसंकेत पद्धत येण्याआधीच्या मराठी फाँटांत टंकलेल्या याद्यांचा प्रश्न स्वतंत्र आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत केलेल्या ग्रंथयादीत नव्या प्रणालीला शोध घेता येत नाही, तिचे रूपांतर करताना जोडाक्षरे बिघडतात आणि आधीची सारी मेहनत पुन्हा तपासावी लागते.

मर्यादा : पंचवीस मिनिटे एकाग्र काम आणि पाच मिनिटे विश्रांती यांसारखी कार्यालयांत लोकप्रिय असलेली तंत्रे वाचनालयाच्या टेबलाशी टिकत नाहीत, वाचक विश्रांतीची वाट पाहत नाही. लहान ग्रंथालयाची उत्पादकता केवळ देवघेवीच्या आकड्यावर मोजणेही अपुरे आहे. अभ्यासिकेत दिवसभर बसणारा विद्यार्थी एकही पुस्तक घरी नेत नाही, तरी वाचनालयाचा सर्वाधिक उपयोग तोच करतो. ग्रंथपालाच्या मानधनाचा प्रश्न या सर्वांच्या मुळाशी आहे. ड वर्गाच्या वाचनालयातील मानधनावर घर चालत नसल्याने अनेक ग्रंथपाल शेती, शिकवणी किंवा दुकान सांभाळून हे काम करतात. ग्रंथालय कर्मचाऱ्यांची वेतनश्रेणीची मागणी कित्येक वर्षे प्रलंबित आहे. काही तासांच्या मोबदल्यात पूर्णवेळ शिस्तीची अपेक्षा करणाऱ्या समितीने निदान कामाची विभागणी करावी : जमाखर्च, बँक आणि पत्रव्यवहार सचिवाने किंवा कोषाध्यक्षाने पाहावा, ग्रंथपालाच्या रजेत किल्ली कोणाकडे राहील ते ठरावाने लिहून ठेवावे आणि त्या बदली माणसाला निदान देवघेवीचे खोके कसे चालते ते आधीच दाखवून ठेवावे.