मुंबईची पदवी आणि आजोबांची अक्षरे

अल्पसंख्याक कोट्यातून प्रवेश देणाऱ्या मुंबईतल्या नामवंत महाविद्यालयांची यादी पाहिली, की त्यात सिंधी संस्था इतक्या कशा, हा प्रश्न पडतो. उत्तरासाठी फाळणीच्याही मागे जावे लागते.

१८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला आणि काही वर्षांतच तो मुंबई इलाख्याला जोडला. १९३६ मध्ये तो वेगळा प्रांत झाला, तरी कॉलेजे मुंबई विद्यापीठाकडेच राहिली. त्यामुळे १८८७ साली सुरू झालेल्या कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातला मुलगा परीक्षा द्यायचा ती मुंबईची. पुढे हे फार उपयोगी पडले. हवेली, जमीन, दुकान सगळे तिकडे राहिले. पदवी मात्र इथे नव्याने मान्य करून घ्यावी लागली नाही.

अर्थात पदवी सगळ्यांकडे नव्हती. सिंधी हिंदूंमध्ये आमिल हे पिढीजात कारकुनी करणारे. इंग्रजांआधी सिंधवर राज्य करणाऱ्या अमिरांच्या दरबारात ते फारसीत लिहीत, इंग्रज आल्यावर इंग्रजी शिकले. भाईबंद व्यापारी, त्यांच्या चोपड्या हटवाणिकी लिपीत असत आणि मुलगा लवकर गल्ल्यावर बसे. १८५३ मध्ये सरकारने सिंधीसाठी ५२ अक्षरांची, अरबी वळणाची लिपी ठरवली. शाळा चालल्या त्या याच लिपीत.

फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सुमारे लाखभर माणसे आली. महायुद्धासाठी बांधलेल्या बराकी, मधे पडदे टाकून केलेली बिऱ्हाडे. १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले. पत्ता मात्र आजही 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असाच सांगतात. डी. जे. सिंधच्या काही प्राध्यापकांनी १९४८ मध्ये मुंबईत जय हिंद कॉलेज काढले. हैदराबाद (सिंध) इथल्या नॅशनल कॉलेजचे प्राचार्य कुंदनानी यांनी बॅरिस्टर होतचंद अडवाणींच्या साथीने १९४९ मध्ये वांद्र्यात नॅशनल कॉलेज उभे केले, के. सी. कॉलेज १९५४ चे. साधू वासवानींनी १९३३ मध्ये त्याच हैदराबादेत मुलींसाठी सुरू केलेले मीरा शाळेचे काम पुण्यात आले आणि १९६२ मध्ये तिथे मुलींचे कॉलेजही झाले. स्वतःचे घर धड झालेले नसताना कॉलेज काढणे हा मला त्या पिढीचा खरा हिशेबीपणा वाटतो. व्यापाऱ्याची जात म्हणून त्यांना हिणवणाऱ्यांना तो दिसला नाही.

घोळ झाला तो लिपीचा. भारतात आल्यावर सिंधी देवनागरीत लिहावी की जुन्या लिपीत, यावर विद्वानांत कडाक्याचे वाद झाले. सरकारने आधी देवनागरीचा निर्णय घेतला, मग दोन्ही लिप्यांना मुभा दिली. १९६७ मध्ये भाषा आठव्या अनुसूचीत आली, पण भाषेला स्वतःचे राज्य नव्हते. सिंधी माध्यमात शिकून नोकरी कुठे मिळणार? छावणीतल्या सिंधी शाळांत शिकलेल्या दुसऱ्या पिढीनेच आपली मुले इंग्रजी माध्यमात घातली. मराठी घरांतही हेच पुढे घडले, तेव्हा बोट दाखवायला आपल्याला जागा नाही.

आता नातवंडे घरी सिंधी समजतात, जमेल तशी बोलतात. आजोबांची उजवीकडून डावीकडे लिहिलेली पत्रे मात्र बहुतेकांना वाचता येत नाहीत. कोट्यातून प्रवेश घेताना त्याने काही अडत नाही. तिथे शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचा मातृभाषेचा रकाना पाहतात.