नियंत्रण रेषा आणि प्रत्यक्ष नियंत्रण रेषा: एक मोजणी झालेली, दुसरी वहिवाटीवर चाललेली

देवळालीच्या गोळीबार मैदानावर सराव सुरू असला की भगूर, देवळाली कॅम्प आणि वारा तिकडून असेल तर नाशिक रोडच्याही काही वस्त्यांत तोफांचे दणके ऐकू येतात. इथल्या जुन्या माणसांना त्याची इतकी सवय झालेली आहे की खिडकीची तावदाने थरथरली तरी हातातले काम थांबत नाही. या परिसरातील तोफखाना विद्यालयात आणि नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात घडलेले जवान देशाच्या उत्तरेकडील ज्या दोन रेषांवर जातात, त्या रेषांविषयी मात्र याच शहरात बराच गोंधळ आढळतो. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांचे निबंध मी अधूनमधून तपासून देतो, आणि 'गलवानमध्ये चीनने शस्त्रसंधीचे उल्लंघन केले' किंवा 'नियंत्रण रेषेवर चीनची घुसखोरी' अशी वाक्ये त्यांत हमखास सापडतात. दोष एकट्या मुलांचा नाही. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत 'नियंत्रण रेषा' आणि 'प्रत्यक्ष नियंत्रण रेषा' यांच्यामधला एक शब्द जागेअभावी गळतो, आणि त्या एका शब्दाबरोबर जवळजवळ सगळाच अर्थ गळून पडतो.

पाकिस्तानच्या बाजूला जम्मू-काश्मीर आणि लडाखमधून जाते ती नियंत्रण रेषा, म्हणजे एलओसी. चीनच्या बाजूला लडाखपासून अरुणाचल प्रदेशापर्यंत जाते ती प्रत्यक्ष नियंत्रण रेषा, म्हणजे एलएसी. काही वर्तमानपत्रे तिला प्रत्यक्ष ताबारेषा म्हणतात आणि माझ्या मते तेच नाव अधिक नेमके आहे. भारताच्या भूमिकेनुसार या दोन्ही रेषा आंतरराष्ट्रीय सीमा नव्हेत, आणि त्यांच्यातील साम्य बहुतांशी इथेच संपते. गंमत अशी, की जिच्या नावात 'प्रत्यक्ष' हा शब्द आहे ती रेषा प्रत्यक्षात जमिनीवर दाखवता येत नाही, आणि जिच्या नावात तो नाही तिची जागा दोन्ही सैन्यांना तंतोतंत ठाऊक असते.

नियंत्रण रेषेचा जन्म युद्धातून आणि नंतर कागदावर झाला. पहिले काश्मीर युद्ध १ जानेवारी १९४९ पासून थांबले आणि त्याच वर्षी २७ जुलै रोजी कराचीत झालेल्या कराराने शस्त्रसंधी रेषा आखली गेली. १९६५ च्या युद्धानंतर ताश्कंद जाहीरनाम्याप्रमाणे दोन्ही सैन्ये मागे फिरली. १९७१ च्या युद्धात मात्र १७ डिसेंबरला तोफा थांबल्या तेव्हा काही ठिकाणी ताबा बदललेला होता, आणि २ जुलै १९७२ च्या सिमला कराराने त्या दिवशीच्या ताब्यातून निघालेल्या रेषेचा मान राखण्याचे, तसेच ती एकतर्फी न बदलण्याचे दोन्ही देशांनी मान्य केले. करारावर सह्या करून नेते घरी गेले, पण खरे किचकट काम पुढे उरले होते. भारताच्या वतीने लेफ्टनंट जनरल प्रेमिंद्र सिंग भगत आणि पाकिस्तानच्या वतीने लेफ्टनंट जनरल अब्दुल हमीद खान यांनी अनेक बैठकांमधून ही रेषा टेकडी, नाला आणि वाट धरून नकाशांवर उतरवली, आणि ११ डिसेंबर १९७२ रोजी सुचेतगड येथे त्या नकाशांवर सह्या झाल्या. सुमारे ७४० किलोमीटरच्या या रेषेचा तोच नकाशा आजही दोन्ही देशांकडे आहे.

निफाड किंवा दिंडोरीकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. मालकीचा दिवाणी दावा पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, पण मोजणी झालेली आहे, हद्दीच्या खुणा ठरलेल्या आहेत आणि मोजणीच्या नकाशावर दोन्ही भाऊबंदांच्या सह्या आहेत. दाव्याचा निकाल काहीही लागो, तोवर कोणी कुठपर्यंत नांगरायचे याविषयी वाद नाही. सिमला करारातही नेमकी हीच तरतूद आहे: रेषेचा मान राखायचा, मात्र त्यामुळे कोणत्याही बाजूच्या मूळ दाव्याला बाध येत नाही.

या सह्यांचे मोल १९९९ मध्ये कारगिलला कळले. पाकिस्तानी सैन्याने हिवाळ्यात रिकाम्या असलेल्या शिखरांवर ठाण मांडले, तेव्हा ती शिखरे कोणाच्या बाजूची हा प्रश्नच उद्भवला नाही, कारण उत्तर नकाशावर होते. आपले लष्कर आणि हवाई दल यांनी रेषा ओलांडायची नाही, असे बंधन भारत सरकारने स्वतःवर घालून घेतले. त्याची किंमत जवानांनी खडे चढ समोरून चढून मोजली आणि बोफोर्ससह भारतीय तोफखान्याने लष्कराच्या हिशेबाप्रमाणे सुमारे अडीच लाख गोळे, बाँब आणि रॉकेटे डागली. पण ४ जुलै १९९९ रोजी वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन आणि पाकिस्तानचे पंतप्रधान नवाझ शरीफ यांच्या संयुक्त निवेदनात नियंत्रण रेषेचा मान राखण्याची आणि ती पूर्ववत करण्याची भाषा आली, ती या संयमामुळे आणि त्या नकाशामुळेच.

मात्र रेषा ठरलेली असली म्हणजे तिच्यावर शांतता असते असे मुळीच नाही. या रेषेवर भांडण जागेचे नसून मालकीचे असल्याने बंदुका आणि तोफा दशकानुदशके बोलत राहिल्या आहेत. नोव्हेंबर २००३ मध्ये शस्त्रसंधी झाली, काही वर्षे ती बऱ्यापैकी टिकली आणि नंतर विरत गेली. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार एकट्या २०२० मध्ये तिचे ५१३३ वेळा उल्लंघन झाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये दोन्ही बाजूंच्या लष्करी मोहिमांच्या महासंचालकांनी, म्हणजे बातम्यांतल्या डीजीएमओंनी, ती पुन्हा पाळण्याचे ठरवले आणि रेषेकाठच्या गावांना चार वर्षे बरीचशी उसंत मिळाली. पहलगाममध्ये २२ एप्रिल २०२५ रोजी दहशतवाद्यांनी २६ जणांची हत्या केल्यानंतर ती उसंत संपली, ७ मे रोजी ऑपरेशन सिंदूर सुरू झाले, पूंछच्या वस्त्यांवर तोफगोळे पडले आणि १० मे रोजी पुन्हा महासंचालकांच्याच दूरध्वनीवर गोळीबार थांबवण्याचे ठरले. उल्लंघने मोजता येतात ती यासाठी, की इथे मोडण्याजोगी शस्त्रसंधी आणि तिच्यासाठी ठरलेली रेषा या दोन्ही गोष्टी अस्तित्वात आहेत.

(तारेचे कुंपण म्हणजे नियंत्रण रेषा, हाही एक रूढ गैरसमज आहे. कुंपण आपल्याच हद्दीत, रेषेच्या बरेच मागे आहे, आणि काही गावे कुंपण आणि रेषा यांच्यामध्ये सापडलेली आहेत.)

आता चीनकडे वळू. 'प्रत्यक्ष नियंत्रण' ही शब्दयोजना चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी ७ नोव्हेंबर १९५९ रोजी नेहरूंना लिहिलेल्या पत्रात पुढे केली होती, आणि १९६२ चे युद्ध २१ नोव्हेंबरला एकतर्फी थांबवतानाही चीनने तिचाच आधार घेतला. भारताने ती त्या वेळी साफ नाकारली, आणि नाकारण्यात शहाणपण होते, कारण 'प्रत्यक्ष' म्हणजे कोणत्या तारखेचे प्रत्यक्ष, याचे उत्तर त्या शब्दांत नव्हते. तीस वर्षांनी, ७ सप्टेंबर १९९३ रोजी पंतप्रधान नरसिंह राव यांच्या बीजिंग भेटीत झालेल्या शांतता व स्थैर्याच्या करारात भारताने ती संज्ञा औपचारिकपणे स्वीकारली. पण रेषा कुठून जाते ते करारात लिहिलेले नव्हते. ते पुढे तज्ज्ञांनी ठरवावे असे म्हटले होते. म्हणजे इथे भाऊबंदांनी भांडायचे नाही असा कागद आधी केला आणि मोजणी नंतर करू म्हणाले.

ती मोजणी आजवर झालेली नाही. हिमाचल आणि उत्तराखंडलगतच्या मधल्या टप्प्यापुरती नकाशांची देवाणघेवाण २००० मध्ये पार पडली. पश्चिमेच्या, म्हणजे लडाखच्या टप्प्याचे नकाशे २००२ मध्ये समोर आले, पण दावे इतके वेगळे निघाले की देवाणघेवाण तिथेच थांबली. भारत या रेषेची लांबी ३४८८ किलोमीटर मानतो आणि चीन सुमारे २००० किलोमीटर. जिच्या लांबीविषयीच दोन बाजूंत दीड हजार किलोमीटरचा फरक आहे, तिला रेषा म्हणण्यापेक्षा पट्टा म्हणणे योग्य ठरेल. देप्सांग, पँगाँग सरोवराचा उत्तर काठ, डेमचोक अशा ठिकाणी दोन्ही देशांच्या समजुतीतील रेषा एकमेकींवर चढतात, आणि दोन्ही बाजूंच्या गस्ती तुकड्या आपापल्या समजुतीच्या टोकापर्यंत जाऊन येतात. पूर्व लडाखमध्ये भारतीय गस्तीसाठी क्रमांक दिलेले गस्तीबिंदू ठरलेले आहेत. तिथवर जाऊन येणे ही वहिवाट. जाणे सुटले की वहिवाट सुटते. चांगपा पशुपालकांचे चुशूल-डेमचोककडचे चरण्याचे कुरण म्हणूनच लष्करी महत्त्वाचे ठरते. समोरचा दरवर्षी नांगराच्या एका तासाइतका बांध कोरतो आणि दहा वर्षांनी बांध आपल्या विहिरीपाशी आलेला असतो, हा अनुभव ज्यांना आहे त्यांना चीनच्या रस्ते, तंबू आणि चौक्या पुढे सरकवण्याच्या पद्धतीविषयी वेगळे काही सांगायला नको.

आणि तरीही बंदूक न चालण्याचा विक्रम याच अनिश्चित रेषेच्या नावावर आहे. सप्टेंबर १९६७ मध्ये सिक्कीमच्या नाथू ला येथे भारतीय तोफखान्याने चिनी मोर्चांवर मारा केला, ऑक्टोबर १९७५ मध्ये अरुणाचलातील तुलुंग ला येथे आसाम रायफल्सचे चार जवान मारले गेले, आणि त्यानंतर तिथे गोळीबारात कोणी मेले नाही. २९ नोव्हेंबर १९९६ च्या करारात रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार किंवा स्फोट करायचा नाही आणि लढाऊ विमाने दहा किलोमीटरच्या आत उडवायची नाहीत असे ठरले. २००५ च्या करारात समोरासमोर आल्यावर संयम कसा पाळायचा याची रीत घातली गेली. म्हणून 'हा आमचा प्रदेश आहे, परत जा' असे फलक धरून उभे राहिलेले जवान आपण छायाचित्रांत पाहतो. चुशूल, नाथू ला, बूम ला अशा ठरलेल्या ठिकाणी दोन्ही बाजूंचे अधिकारी भेटतात.

१५ जून २०२० च्या रात्री पूर्व लडाखमधल्या गलवान खोऱ्यात कर्नल संतोष बाबू यांच्यासह २० भारतीय सैनिक हुतात्मा झाले. चीनने पुढे आपले चार जण गेल्याचे मान्य केले. दगड, खिळे ठोकलेले दंडुके आणि गोठवणारी नदी यांनी ते बळी घेतले, बंदुकीने नव्हे. आपले जवान निःशस्त्र होते का, असा प्रश्न तेव्हा नाशिकच्याही चहाच्या टपऱ्यांवर विचारला जात होता. शस्त्रे त्यांच्याजवळ होती. पण झटापटीच्या वेळी ती न वापरण्याची प्रथा १९९६ आणि २००५ च्या करारांमुळे पडलेली होती, असे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्याच आठवड्यात सांगितले. त्यामुळे गलवानला 'शस्त्रसंधीचे उल्लंघन' म्हणणे चुकीचे आहे. जी मोडली ती शस्त्रसंधी नव्हती, तर शस्त्र बाहेर न काढण्याची समजूत जीव घेईपर्यंत ताणली गेली. गोळी त्यानंतर, ७ सप्टेंबरला चुशूलच्या दक्षिणेकडील उंचवट्यांवर, तीही इशाऱ्यादाखल हवेत झाडली गेली.

मराठीचा एक शब्द या गोंधळात भर घालतो, तो म्हणजे घुसखोरी. नियंत्रण रेषेवरून येतो तो बहुधा गणवेश नसलेला, शस्त्रसज्ज, लपून येणारा इसम असतो, आणि पाकिस्तान तो आपला असल्याचे नाकारतो, ती घुसखोरी. प्रत्यक्ष नियंत्रण रेषेवर येते ती गणवेशातील सरकारी तुकडी, दिवसाढवळ्या, आणि ती आपल्याच जमिनीवर उभी असल्याचे चीन ठामपणे सांगतो. त्याला अतिक्रमण म्हणावे. एकीला उत्तर म्हणून कुंपण, रात्रीची टेहळणी आणि दबा धरून बसणाऱ्या तुकड्या लागतात. दुसरीला रस्ते, गस्त आणि वाटाघाटींच्या फेऱ्या.

शांततेचे प्रयत्नही म्हणूनच वेगळ्या वाटांनी गेले. पाकिस्तानच्या बाजूला रेषा आहे तशी ठेवून तिच्यातून माणसांना वाट देण्याचा प्रयोग झाला: ७ एप्रिल २००५ रोजी श्रीनगर-मुझफ्फराबाद बस सुटली, ऑक्टोबर २००८ मध्ये मालमोटारी जाऊ लागल्या, आणि एप्रिल २०१९ मध्ये तो व्यापार भारताने थांबवला. चीनच्या बाजूला उलट घडते. तिथे शांततेसाठी माणसांना एकमेकांपासून दूर ठेवावे लागते. गलवान, पँगाँग, गोग्रा आणि हॉट स्प्रिंग्ज येथून सैन्ये मागे घेताना मधे गस्तबंदीचे पट्टे ठेवले गेले, आणि देप्सांग-डेमचोकमध्ये गस्त पुन्हा सुरू करण्याची समजूत ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. पट्ट्यांनी रक्तपात टळला हे खरे, पण जिथे वहिवाट हाच पुरावा आहे तिथे न जाण्याची किंमत कोण अधिक मोजतो, हा प्रश्न लडाखच्या पशुपालकांनी विचारला तर त्यांना दोष देता येणार नाही.

सियाचीनची रेषा या दोहोंत बसत नाही. १९४९ चा नकाशा एनजे ९८४२ या बिंदूपाशी थांबतो आणि पुढे 'तिथून उत्तरेस हिमनद्यांपर्यंत' एवढेच म्हणतो. त्या मोजक्या शब्दांतून सियाचीनवर ताबा मिळवण्याची भारताची १९८४ ची मोहीम, ऑपरेशन मेघदूत, उभी राहिली, पण तो स्वतंत्र विषय आहे.

देवळालीच्या तोफांना मात्र या फरकाशी थेट कर्तव्य आहे. १९९६ च्या त्याच करारात प्रत्यक्ष नियंत्रण रेषेलगतची मोठी शस्त्रे कमी करण्याचे कलम होते आणि त्यात ७५ मिलिमीटर व त्याहून मोठ्या व्यासाच्या तोफांचा स्पष्ट उल्लेख होता. कोणी किती तोफा ठेवायच्या ते पुढे ठरायचे होते. परंतु कराराच्या दहाव्या कलमाने हेही मान्य केले होते, की काही तरतुदींची पूर्ण अंमलबजावणी रेषा कुठून जाते यावर एकमत झाल्यावरच शक्य होईल. एकमत झाले नाही, त्यामुळे तोफांची संख्याही ठरली नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये देवळालीतच के-९ वज्र ही १५५ मिलिमीटरची, रणगाड्यासारखी स्वतः धावणारी तोफ समारंभपूर्वक लष्करात दाखल झाली. ती मुख्यतः राजस्थानच्या वाळवंटासाठी घेतलेली होती, आणि २०२१ मध्ये तिच्या तुकड्या लडाखच्या पठारावर चढवल्या गेल्या.