पोत्यातून सुटल्यावर

जप्त केलेल्या पोत्याचं तोंड सोडलं की आत मध्यम फणसाएवढा खवल्यांचा गोळा असतो. डोकं, पाय काहीच दिसत नाही. जमिनीवर ठेवला तरी कितीतरी वेळ उलगडत नाही. गुन्ह्याच्या कागदपत्रांत त्याची नोंद होते 'मुद्देमाल'. प्रत्यक्षात ते भेदरलेलं, तहानलेलं खवले मांजर असतं.

बिबट्यालाही हा गोळा सहजासहजी फोडता येत नाही. माणूस मात्र तो अलगद उचलून नेतो. खवले केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांचंच द्रव्य. त्यात औषध असल्याचा समज खोटा आहे, तरी त्यापायी चोरटा व्यापार अफाट आहे. एप्रिल २०१९ मध्ये सिंगापूरला नायजेरियाहून व्हिएतनामकडे निघालेल्या एकाच मालात १२.९ टन खवले सापडले. अंदाजे १७,००० जनावरांचे! भारतात हा प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि २०१६ मध्ये आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला. मादीला बहुधा एका वेळी एकच पिल्लू होतं, त्यामुळे गेलेली संख्या लवकर भरून येत नाही.

जिवंत सापडलं तरी जीव वाचला असं लगेच म्हणता येत नाही. फासकीच्या तारेची जखम खवल्यांखाली लपते. ताणामुळे पोटात व्रण होतात, न्यूमोनिया होतो. त्यातून खाण्याचा प्रश्न. याला दातच नसतात. लांबलचक जीभ वारुळात घालून मुंग्या-वाळवी टिपायची आणि पोटातल्या खड्यांनी ती दळायची, अशी त्याची रीत. थाळीत वाढलेलं अन्न त्याला अन्न वाटतच नाही. व्हिएतनाममधल्या कुक फुआंग राष्ट्रीय उद्यानातल्या केंद्रात अशा जनावरांना गोठवलेली मुंग्यांची अंडी देतात. तिकडचे व्यापारी वजन वाढवायला त्यांच्या पोटात जबरदस्तीने पिठाची पेज कोंबतात, म्हणून आधी त्यावरच उपचार करावे लागतात.

म्हणून धडधाकट जनावराला पिंजऱ्यात जितके कमी दिवस ठेवावं तितकं बरं, असं मला ठामपणे वाटतं. पण सोडायचं कुठे? मूळ जागा बहुतेकदा कळत नाही, आणि कळली तरी ती शिकाऱ्यालाही ठाऊक असते. बीळ खणता येईल अशी माती, भरपूर वारुळं आणि गस्त असलेलं जंगल शोधावं लागतं. मध्य प्रदेशात वन विभाग आणि वाइल्डलाइफ कॉन्झर्वेशन ट्रस्ट यांनी सुटका केलेल्या खवले मांजरांना रेडिओ ट्रान्समीटर लावून सातपुड्याच्या जंगलात सोडलं आणि त्यांचा माग ठेवला. असा ट्रान्समीटर सहसा खवल्यालाच बारीक भोक पाडून बसवतात. नख कापावं तसंच ते, दुखत नाही. ज्या खवल्यासाठी त्याला पकडलं, तोच खवला आता ते जिवंत असल्याची खबर देतो! ते रोज रात्री किती फिरतं, कुठल्या बिळात झोपतं, हे त्यातूनच कळतं.

आपल्या कोकणात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने हे काम गावकऱ्यांपर्यंत नेलं. २०२० मध्ये डुगवे गावात खवले मांजराची प्रतिकृती चक्क पालखीत बसवून मिरवली. जिथे फासकी लागते तिथल्याच माणसांनी ती पालखी खांद्यावर घेतली, याचं मोल मला फार वाटतं.

गडग्याशी किंवा रस्त्यावर असं जनावर दिसलं तर त्याला दूध पाजू नका, अंघोळ घालू नका, उलगडायला जाऊ नका. कुत्री लांब ठेवा आणि वन विभागाला १९२६ वर फोन करा.